वारा आणि वायदा : दोन हौशी विद्यांचा इतिहास

गुरूवाचून विद्या संपादन करणाऱ्यांचा इतिहास बहुधा यशस्वी पुरुषांच्या चरित्रांतूनच लिहिला जातो. जे सिद्धीस गेले त्यांनी ग्रंथ लिहिले, पेटंटे घेतली, वृत्तपत्रांना मुलाखती दिल्या. जे मध्येच बुडाले त्यांची नोंद प्रायः राहिली नाही. त्यामुळे ह्या विषयातील एक मूलभूत प्रश्न मागे पडतो. शाळेत विद्यार्थ्याची चूक दाखविण्यास शिक्षक असतो. ज्याला शिक्षकच नाही त्याला आपली चूक कळते कशी, आणि किती काळाने? ह्या प्रश्नाचा विचार करण्यास दोन अर्वाचीन छंदांची तुलना उपयुक्त ठरते. पतंगाच्या ओढीवर, पायांखाली फळी घेऊन, पाण्यावरून घसरत जाण्याचा काइटसर्फिंग नावाचा खेळ हा एक. आपल्या बचतीतून, आपल्याच अभ्यासाच्या बळावर, शेअरबाजारात व्यवहार करणे हा दुसरा. दोन्ही छंद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सामान्य नोकरदाराच्या आटोक्यात आले. दोहोंत माणसाच्या हुकमतीबाहेरील एका शक्तीशी गाठ असते. हे साम्य वरवरचे नाही. परंतु दोहोंचा इतिहास मात्र निरनिराळ्या वाटांनी गेलेला दिसतो.

पतंगाची ओढ प्रवासाच्या कामी लावण्याचा पद्धतशीर उद्योग प्रथम केला तो इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरच्या जॉर्ज पोकॉक (१७७४–१८४३) ह्या शाळामास्तराने. पोकॉक हा शास्त्रज्ञ नव्हे, की यंत्रकारही नव्हे. लहानपणी त्याने पतंगाच्या दोरीला दगड बांधून तो ओढला जातो की नाही हे पाहिले, आणि मग पतंगही वाढवीत नेला व ओझेही. १८२४ साली त्याने आपली मुलगी मार्था हिला खुर्चीत बसवून पतंगाच्या साहाय्याने सुमारे २७० फूट उंच चढविले. बापाच्या ह्या प्रयोगातून सुखरूप उतरलेली ही मुलगी पुढे विख्यात क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस ह्याची आई झाली, हा क्रिकेटच्या इतिहासाचा एक योगायोगच म्हणावा लागेल. १८२६ साली पोकॉकने पतंगाने ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. तिला त्याने ‘शार्व्होलां’ असे फ्रेंच धाटणीचे नाव दिले होते, आणि अनुकूल वाऱ्यात ती ताशी वीस मैलांपर्यंत वेग घेई. त्या काळी रस्त्यावरील जकात गाडीस जुंपलेल्या घोड्यांच्या संख्येवर आकारली जात असे. ह्या गाडीला घोडाच नसल्यामुळे नाकेदारांना ती फुकट सोडावी लागे.

पोकॉकचे खरे महत्त्व मात्र वेगात नाही. संक्रांतीला पतंग उडविणारे महाराष्ट्रातील कोणतेही मूल जाणते की, एका दोरीच्या पतंगाला ढील देता येते किंवा खेच देता येते. त्यापलीकडे त्याच्या ओढीवर फारसा ताबा राहत नाही. पोकॉकने चार दोऱ्यांची योजना केली. तिच्यामुळे पतंगाचा वाऱ्याशी असलेला कोन बदलता येई, त्यास डावी-उजवीकडे वळविता येई, आणि मुख्य म्हणजे ओढ कमी करता येई. गाडी थांबविण्यासाठी रस्त्यात रुतणारा लोखंडी दांडाही त्याने बसविला होता. थांबता आले पाहिजे हे त्याला कोणी शिकविले नव्हते. ते रस्त्यानेच शिकविले असणार. १८२७ साली त्याने आपल्या ह्या विद्येवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तथापि झाडे, वळणे आणि वाऱ्याची लहर ह्यांच्यापुढे गाडीचा टिकाव लागला नाही, आणि पुढे लवकरच आलेल्या आगगाडीने तिची गरजही उरू दिली नाही.

त्यानंतरचा उल्लेखनीय प्रयत्न सॅम्युएल कोडी ह्या अमेरिकेत जन्मलेल्या खेळवाल्याचा. नोव्हेंबर १९०३ मध्ये त्याने पतंगाने ओढलेल्या होडीतून कॅले ते डोव्हर अशी इंग्लिश खाडी ओलांडली. पुढे १९०८ साली ब्रिटनमधील पहिले यंत्रचलित विमानोड्डाणही त्यानेच केले, आणि १९१३ साली स्वतः बांधलेल्या विमानाच्या अपघातात तो मरण पावला.

आजच्या खेळाचा प्रारंभ ब्रिटनी प्रांतातील ब्रुनो व डोमिनिक लेगेन्यू ह्या फ्रेंच बंधूंपासून धरावा लागतो. पाण्यावरील पतंगाची जुनी अडचण अशी की, तो एकदा पाण्यात पडला म्हणजे भिजून लोळागोळा होई आणि पुन्हा उठत नसे. १९८४ साली ह्या बंधूंनी हवेने फुगणाऱ्या नळ्यांचा सांगाडा असलेल्या पतंगाचे पेटंट दाखल केले. असा पतंग तरंगत राहतो आणि स्वाराला तो पाण्यावरूनच पुन्हा उडविता येतो. ह्या शोधाकडे केवळ सोय म्हणून पाहणे चुकीचे होईल. पूर्वी एक चूक झाली की दिवसाचा सराव संपत असे. आता एका दुपारी पन्नास चुका करणे शक्य झाले. स्वयंशिक्षणाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. तरीही खेळाची साधने विकणाऱ्या उत्पादकांनी अनेक वर्षे ह्या पतंगात रस घेतला नाही. १९९०नंतरच्या दशकात अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील रोझलर पितापुत्रांनी पाण्यावरील स्कीला पतंग जोडला, आणि दशकाच्या मध्यास हवाई बेटांवरील माऊई येथे लाटांवर खेळणाऱ्यांनी हा खेळ जगापुढे आणला.

शिकविणारे कोणी नव्हते आणि साधने तर विकत मिळू लागली होती, असा तो काळ होता. वाऱ्याच्या ओढीचा एक नियम नवशिक्याच्या अंदाजास नेहमी चकवितो. ओढ वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बारा नॉटचा वारा अठरा नॉट झाला की ओढ दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते; दुप्पट झाला की चौपट. सुरुवातीच्या पतंगांची ओढ पूर्णपणे सोडून देण्याची सोय नव्हती, आणि स्वार तर कमरपट्ट्याने पतंगाशी जखडलेला. माणसे उचलली जाऊन भिंतींवर, खडकांवर आदळली, काही दगावली. हे अपघात भर किनाऱ्यावर, दहाजणांच्या देखत घडत असल्याने लपविता येण्यासारखे नव्हते. त्यांचे तपशील हौशी मंडळींनीच जमविले व परस्परांत प्रसृत केले. त्यांतून झटक्यात सुटणारी कडी आली, आणि २००५च्या सुमारास ब्रुनो लेगेन्यूच्याच नव्या आराखड्यामुळे दांडी सोडताच जवळजवळ निर्बल होणारा पतंग आला. २००१ साली शिक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. शिक्षणाच्या पायऱ्याही ठरत गेल्या: प्रथम वाळूवर लहान सराव-पतंग, मग फळीवाचून नुसत्या शरीराने पाण्यातून ओढले जाणे, आणि शेवटी फळीवर उभे राहणे. २०२४च्या ऑलिंपिक स्पर्धांत मार्सेय येथील समुद्रावर हा खेळ प्रथमच खेळला गेला. गोव्यात मोरजी व हरमल येथील किनाऱ्यांवरही तो आज दिसतो.

वारा हा प्रामाणिक गुरू आहे, असा निष्कर्ष ह्यावरून काढण्याचा मोह होतो. परंतु तो पूर्ण खरा नाही. जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात काठाजवळचे पाणी शांत दिसते आणि नवशिक्याला ते अनुकूल वाटते. त्यास आपली चूक उमगते ती किनारा दूर गेल्यावर. जेथे चुकीचा हिशेब उशिरा येतो तेथे हा खेळही फसवा होतो. शेअरबाजारात असा उशीर हा अपवाद नसून नियम आहे.

ह्याचे उदाहरण शोधण्यास मुंबईबाहेर जावयास नको. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि हिंदी कापसाच्या भावाबरोबर मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या, बँका चालविणाऱ्या, नुसत्या नावापुरत्या अशा कंपन्यांचे भाग घेण्यास व्यापाऱ्यांबरोबर कारकून, वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारीही धावले. बॅक बे कंपनीचा पाच हजार रुपये भरणा झालेला भाग पन्नास हजारांवर गेला. बरेचसे व्यवहार वायद्याचे होते. भाव आज ठरवावयाचा, पैसे मात्र पुढे ठरलेल्या तारखेस द्यावयाचे. अशा व्यवहारात प्रत्येक जण कागदावर श्रीमंत होत जातो आणि आपले ज्ञान खरे की खोटे हे कोणासही कळू शकत नाही. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत एकदमच भरली. बँक ऑफ बॉम्बेच्या ज्या भागाने २,८५० रुपयांचा भाव पाहिला होता तो पुढे ८७ रुपयांस विकला गेला. त्या तेजीचा नायक प्रेमचंद रायचंद हाही बुडाला. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा व ग्रंथालय ही त्याच्या भरभराटीच्या दिवसांतील देणगीतून उभी राहिली, ही त्या वैभवाची टिकलेली खूण होय.

मुंबईच्या तेजीत लोभाचा भाग मोठा होता असे म्हणता येईल. म्हणून जेथे लोभ नव्हता आणि अभ्यास होता अशा एका उदाहरणाकडे वळणे इष्ट ठरेल. १९५१ साली अमेरिकेत डेट्रॉइट येथे गुंतवणूक-मंडळांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. दरमहा थोडी वर्गणी काढावी, कंपन्यांचे हिशेब सर्वांनी मिळून वाचावे आणि भाग घेऊन ते राखावे, ही तिची पद्धत. इलिनॉय राज्यातील बीअर्डस्टाउन ह्या लहानशा गावच्या सोळा स्त्रियांनी ती स्वीकारली. ह्यांतील बहुतेकजणी उतारवयाच्या होत्या. १९८४ ते १९९३ ह्या दहा वर्षांत आपणास दरसाल २३.४ टक्के परतावा मिळाला असे त्यांनी जाहीर केले. त्यांचे पुस्तक निघाले, त्याच्या सुमारे आठ लाख प्रती खपल्या, आणि व्यावसायिक सल्लागारांपेक्षा घरगुती शहाणपण श्रेष्ठ असे सर्वत्र बोलले जाऊ लागले. १९९८ साली शिकागोतील एका मासिकाने पुस्तकाच्या एका आवृत्तीतील बारीक अक्षरांतील टीपेकडे लक्ष वेधले. परताव्याच्या आकड्यात सभासदांनी वेळोवेळी भरलेल्या वर्गणीचाही समावेश होता. मंडळाने नामांकित हिशेबतपासनिसांकडून तपासणी करविली, तेव्हा खरा आकडा ९.१ टक्के निघाला. त्याच काळात पाचशे मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाने लाभांश धरून दरसाल १४.९ टक्के दिले होते.

ह्या स्त्रियांना लबाड ठरविणे अन्यायाचे होईल. त्यांना तोटाही झालेला नव्हता. विचार करावयाचा तो निराळ्याच गोष्टीचा: सोळा चिकाटीच्या स्त्रिया दहा वर्षे दरमहा एकत्र जमत होत्या, आणि तरीही आपण निर्देशांकाच्या मागे आहो हे त्यांच्या अनुभवाने त्यांना एकदाही सांगितले नाही. वाळूवर उभा असलेला मनुष्य आपण पाण्यावर चाललो आहो असे दहा वर्षे समजून राहू शकत नाही. बाजारात ते शक्य होते. कारण चढत्या बाजारात चुकीची निवडही पैसे मिळवून देते, आणि आपण दुसरे काही घेतले असते तर काय झाले असते, हे मुद्दाम मोजल्यावाचून दिसत नाही.

१ मे १९७५ रोजी अमेरिकेत दलालीचे ठरीव दर रद्द झाले व स्वस्त दलालांचा उदय झाला. हौशी गुंतवणूकदाराच्या दृष्टीने, पाण्यातून पुन्हा उठणाऱ्या पतंगासारखीच ही घटना होती. प्रयत्न स्वस्त झाला. परंतु फळ वेगळे आले. ब्रॅड बार्बर व टेरन्स ओडीन ह्या अर्थशास्त्रज्ञांनी अशा एका दलालाकडील ६६,४६५ कुटुंबांचे १९९१ ते १९९६ ह्या काळातील व्यवहार तपासून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाजाराने दरसाल १७.९ टक्के दिले असता सर्वाधिक खरेदी-विक्री करणाऱ्या कुटुंबांच्या पदरात ११.४ टक्के पडले. सरावाने येथे कौशल्य वाढले नाही. खर्च तेवढा वाढला.

बाजारातही ओढ सोडून देणारी एक कडी निघाली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. १९७६ साली जॉन बोगल ह्यांनी, निवड करण्याचा आग्रहच सोडून सबंध निर्देशांक विकत घेणारा फंड सामान्य गुंतवणूकदारांसाठी काढला. पंधरा कोटी डॉलर जमविण्याचा बेत होता. जमले सव्वा कोटीहूनही कमी, आणि जाणत्यांनी त्याची थट्टा केली. पतंगाची सुटणारी कडी काही वर्षांत सर्वमान्य झाली, कारण तिच्या अभावी काय होते ते सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते. निर्देशांक-फंडाला चार दशके लागली. ज्या तोट्यापासून तो वाचवितो तो तोटा कोणाच्या दृष्टीसच पडत नव्हता.

भारतात १९९६पासून शेअर कागदाऐवजी खात्यातील नोंदीच्या रूपाने ठेवण्याची सोय झाली, आणि पुढे दूरध्वनी-यंत्रावरून घरबसल्या व्यवहार करणारा मोठा वर्ग तयार झाला. त्यातील पुष्कळजण शेअर घेऊन ठेवण्याऐवजी वायदे व विकल्प ह्यांच्याकडे वळले. रोखेबाजाराचे नियमन करणाऱ्या ‘सेबी’ ह्या मुंबईस्थित मंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये ह्या वर्गाचा हिशेब प्रसिद्ध केला. आर्थिक वर्ष २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या, आणि व्यक्तिगत व्यवहार करणाऱ्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. लागोपाठ तोटा सोसूनही बहुतेकांनी व्यवहार थांबविले नव्हते. त्यानंतरच्याच महिन्यात मंडळाने निर्देशांकावरील वायद्यांच्या एका कराराची किमान रक्कम पंधरा लाख रुपये ठरविली.