निघण्यापूर्वीचं वर्ष

रामानुजनांची गोष्ट वर्गात सांगताना आपण बहुधा पत्रापासून सुरुवात करतो. १६ जानेवारी १९१३ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनाने केंब्रिजच्या हार्डींना सूत्रांनी भरलेलं पत्र धाडलं. हार्डींनी त्याची योग्यता ओळखली. आणि पुढच्याच वाक्यात आपले रामानुजन इंग्लंडात पोचलेले असतात. मधलं वर्ष-सव्वा वर्ष गळून जातं.

खरं तर इंग्लंडला येता का, असं प्रथम विचारलं गेलं तेव्हा त्यांचं उत्तर ‘नाही’ असं होतं. ते सनातनी अय्यंगार घरातले. समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडणं. परत आल्यावर पंक्तीला बसवतील का, घरच्या लग्न-मुंजीला बोलावतील का, हे प्रश्न त्या काळी पोकळ नव्हते. आपल्याकडेही विलायतेहून परतलेल्यांच्या प्रायश्चित्तावरून केवढे वाद झाले होते! आई कोमलताम्मल यांचा तर ठाम विरोध होता.

१९१४ च्या सुरुवातीला हार्डींचे सहकारी नेव्हिल व्याख्यानांसाठी मद्रासला आले. रामानुजनांना राजी करण्याची कामगिरी हार्डींनी त्यांच्यावर सोपवली होती. तीन भेटी झाल्या. तिसऱ्या भेटीनंतर रामानुजनांनी आपली वही त्यांना घरी न्यायला दिली. वर्षानुवर्षांचं सगळं काम त्या वहीत होतं! एवढा विश्वास बसल्यावर नेव्हिलनी विषय काढला, तर काय आश्चर्य, समजूत घालायची गरजच उरली नव्हती. आईचा विरोध मावळला होता. नामक्कलच्या नामगिरी देवीने स्वप्नात येऊन ‘मुलाच्या आड येऊ नकोस’ असं आईला बजावलं, असं सांगतात. ही हकिगत वेगवेगळ्या प्रकारे सांगितली जाते. स्वप्नाची शहानिशा आपण करू शकत नाही. पण शब्द मागे न घेता होकार देण्याची वाट त्या माउलीला मिळाली, एवढं खरं.

उरलेल्या शंका अगदी साध्या होत्या. पैशाचं काय? आपलं इंग्रजी पुरेल का? शाकाहाराचं कसं होईल? आणि तिथे परीक्षा द्याव्या लागतील का? ही शेवटची शंका आम्हाला शिक्षक म्हणून फार टोचते. गणितात बुडालेल्या या मुलाला इतर विषयांनी दोन कॉलेजांत नापास केलं होतं, आणि शिष्यवृत्तीही गेली होती. परीक्षा नाही, असं नेव्हिलनी आश्वासन दिलं.

पैशाची सोय मद्रास विद्यापीठाने केली. वर्षाला २५० पौंड, शिवाय कपडेलत्ते व प्रवासासाठी वेगळी रक्कम. पौंडाला १५ रुपये हा तेव्हाचा भाव. हार्डींना लिहिताना रामानुजनांनी आपला पगार सांगितला होता वर्षाला २० पौंड, म्हणजे महिन्याला २५ रुपये. आता शिष्यवृत्तीतले महिना ६० रुपये परस्पर आईवडिलांना मिळावेत, अशी व्यवस्था त्यांनी करून घेतली. मन इंग्लंडकडे धावत होतं, पण कुंभकोणमच्या घरचा हिशेब सुटला नव्हता.

पत्नी जानकीही बरोबर यायला तयार होत्या. त्या अजून १५ वर्षांच्याही नव्हत्या. रामानुजनांनी नकार दिला.

१४ मार्चला त्यांनी आई आणि जानकीला कुंभकोणमच्या गाडीत बसवून दिलं. शेंडी उतरवलेली, कोट-टाय घातलेला मुलगा आईच्या दृष्टीला पडू नये म्हणून ही घाई. १७ मार्च १९१४ रोजी ‘नेवासा’ बोट मद्रासहून सुटली. निरोप द्यायला मोठमोठे अधिकारी आले होते, घरचं जवळचं माणूस मात्र कुणी नव्हतं. रामानुजनांच्या डोळ्यांत पाणी होतं. १४ एप्रिलला ते लंडनला उतरले. त्यांचं वय तेव्हा २६ होतं.

शिष्यवृत्ती दोन वर्षांची होती. मुक्काम पाच वर्षांचा झाला, कारण मध्ये महायुद्ध आलं आणि मग आजारपण. २७ मार्च १९१९ रोजी ते मुंबई बंदरात उतरले, तेव्हा आई न्यायला आली होती. त्यांनी पहिल्यांदा चौकशी केली ती जानकीची. ती आलेली नव्हती.