कल्पित वंशांची नावे आणि शब्दसाहचर्य

अद्भुतकथेचा लेखक आपल्या कल्पित वंशांस हवे ते नाव देण्यास मोकळा असतो, ही समजूत फारशी टिकणारी नाही. शब्दाचा अर्थ तो आपल्या ग्रंथापुरता बदलू शकतो. परंतु त्या शब्दाभोवती भाषिक समाजाच्या मनात साचलेले साहचर्य त्याच्या आज्ञेत नसते. जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्ड येथे अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते. शब्दांचा इतिहास त्यांच्याइतका जाणणारा कादंबरीकार विरळा. म्हणूनच त्यांची माघार अभ्यसनीय ठरते.

आपल्या आरंभीच्या कथांत ‘एल्फ’ वंशाच्या विद्याव्यासंगी शाखेस त्यांनी ‘नोम’ असे इंग्रजी नाव दिले होते. हा शब्द सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने भूगर्भवासी सत्त्वांसाठी योजिला. टॉल्किन यांच्या मनात मात्र विचार, बुद्धी अशा अर्थाचा ग्रीक ‘ग्नोमे’ होता. आपल्या ‘ज्ञा’ धातूशी त्याचे असलेले नाते येथील वाचकांस सांगावयास नको. त्यांच्या कल्पित भाषेतील ‘नोल्दोर’ हे नावही ज्ञानवाचक मूळापासूनच साधलेले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने भाषांतर निर्दोष होते. पण सामान्य इंग्रज वाचकाला ‘नोम’ म्हणताच दिसतो तो बागेत मांडलेला, टोकदार टोपीचा, दाढीवाला बुटका! १९३७ च्या ‘द हॉबिट’च्या पहिल्या आवृत्तीत हा शब्द होता, पुढे तो गळाला आणि ‘नोल्दोर’ तेवढे उरले. व्युत्पत्ती ही विद्वानाची मिळकत, साहचर्य हे सर्वांचे.

‘एल्फ’चे दुखणे जुने आहे. प्राचीन इंग्रजीत हा शब्द धाक आणि प्रतिष्ठा बाळगून होता. आल्फ्रेड ह्या राजनामाचे पूर्वपद तेच. शेक्सपिअर आणि ड्रेटन यांच्या काळापासून त्याला फुलांत दडणाऱ्या चिमुकल्या जीवांची कळा आली. टॉल्किन यांनी तो शब्द टाकला नाही, मोठ्या ग्रंथविस्ताराने तो पुन्हा उंच केला. जर्मन भाषांतराच्या वेळी मात्र ते सावध झाले. जर्मन ‘एल्फ’ हा अठराव्या शतकात इंग्रजीवरूनच घेतलेला, त्या चिमुकलेपणासकट. म्हणून त्यांनी जुन्या ‘एल्ब’कडे बोट दाखविले आणि मार्गारेट कारू यांच्या १९६९-७० च्या भाषांतरात तेच रूप आले. मराठी भाषांतरकाराने येथे ‘यक्ष’ घातला तर कुबेर आणि अलकानगरी न बोलावता येतील, हे उघड आहे.

‘गॉब्लिन’ची जागा पुढे मुख्यतः ‘ऑर्क’ने घेतली. बालकथेचा वास लागलेला शब्द मागे पडून प्राचीन इंग्रजीतील, जवळजवळ कोरा शब्द पुढे आला.

मग संपूर्ण नवा शब्द घडविला तर? ‘हॉबिट’ तसाच घडविलेला. तरीही वाचकांस त्यात ‘रॅबिट’, म्हणजे ससा, ऐकू आला. १९३८ मध्ये ‘ऑब्झर्व्हर’ पत्रास लिहिताना टॉल्किन यांनी तो संबंध नाकारला. परंतु त्यांच्याच कथेत गरुड नायकास सशासारखा म्हणतो. पुढे परिशिष्टात त्यांनी ‘बिळे बांधणारा’ अशा अर्थाचे एक जुने रूप रचून नावाला वंशावळ दिली. आपल्याकडे ‘असुर’ शब्दातील आद्य ‘अ’ नकारार्थी मानून ‘सुर’ हा देववाचक शब्द निघाला. तो कोणा एकाने रचलेला नाही, इतकाच फरक.