नकाशाचा रंग आणि शेजारची गल्ली

शहराच्या विकास आराखड्यात रंगांनाही अर्थ असतो. सर्वसाधारणपणे पिवळा म्हणजे राहती वस्ती, निळा व्यापार, जांभळा कारखाने. एका अधिसूचनेने हा रंग बदलता येतो. त्यालगत राहणाऱ्यांचे पुढे काय होते, ते मात्र नकाशावर दिसत नाही. ते पाहायचे तर मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास आठवावा लागेल.

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली. मग लालबाग, परळ, वरळी, भायखळा इथे भोंगे वाजू लागले. गिरण्यांच्या आसपास चाळी उठल्या. कोकणातली, घाटावरची माणसे तिथे राहिली. मदनपुऱ्यात उत्तरेकडचे मोमीन विणकर वसले. बहुतेक कामगार पायीच पाळीवर जात. गल्ल्या आणि स्थानके त्याच बेताची होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत. उरली जमीन, सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिचा वापर बदलण्याची वाट मोकळी केली. वाटणी ढोबळमानाने अशी होती: एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि बाकीची मालकाला. पण जुन्या इमारती न पाडता त्यांतच नवा धंदा थाटला, की ही वाटणी टळत होती.

१९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित विचार मांडला. परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांपाशी माणसांना वावरायला मोकळा चौक असावा, असेही त्यात सुचवले होते. तो चौक झाला नाही.

२००१ साली नियमच बदलला. सगळी जमीन नव्हे, तर ज्या भागावर बांधकाम नव्हते तेवढाच वाटणीत धरायचा, असे ठरले. मैदाने आणि घरे यांचा वाटा आक्रसला. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या बदलाचा लाभ रोखणारा निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. धुराड्यांच्या जागी मॉल आणि काचेची कार्यालये उभी राहिली.

आता या भागात कामाला येणारा माणूस चाळीतून पायी येत नव्हता. तो लोकलने दुरून येत होता. स्थानकांना जोडणारा पादचारी पूल मात्र अरुंदच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला, माणसे पुलावर थबकली आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. निमित्त पावसाचे होते. गर्दी मात्र वर्षानुवर्षे साठत आली होती.

जमिनीचा वापर बदलूच नये, असे कोणी म्हणणार नाही. बंद गिरणी कोणाच्या कामाची? परंतु रंग बदलताना रोज किती माणसे येतील, कोणत्या पुलावरून चालतील, पाणी कोणाच्या वाट्याचे पितील, हा हिशेब आधी व्हायला हवा. महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार अशा बदलापूर्वी साधारणपणे सूचना आणि हरकती मागवाव्या लागतात. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात ती बारीक टायपातली जाहिरात येते. आपल्या शेजारच्या मोकळ्या भूखंडाविषयी ती आली, तर मुदत संपण्याआधी वाचा आणि लेखी हरकत नोंदवा. इमारत उभी राहिल्यावर हरकतीचा फारसा उपयोग होत नाही.