राजस्थानातील आपल्या खुणा

नांदेडहून रेल्वे थेट श्रीगंगानगरपर्यंत जाते. त्यामुळे राजस्थानची सहल आपल्याकडे आता नवलाची राहिलेली नाही. जयपूरचा हवामहाल, पुष्करचे सरोवर, जैसलमेरची वाळू पाहून मंडळी परततात. परंतु त्या भूमीवर आपल्या पूर्वजांनी काय केले, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

जयपूरच्या त्रिपोलिया बाजारात ईसरलाट नावाचा सात मजली मनोरा आहे. भाऊबंदकीच्या लढ्यातील विजयाप्रीत्यर्थ सवाई ईश्वरीसिंहाने तो १७४९ मध्ये उभारला. त्याचा सावत्र भाऊ माधोसिंह याची बाजू मल्हारराव होळकरांनी घेतली होती. डिसेंबर १७५० मध्ये थकलेल्या खंडणीसाठी होळकरांची फौज चालून आली, तेव्हा ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली. माधोसिंह गादीवर बसला. पण मराठ्यांच्या मागण्या वाढतच राहिल्या. अखेर जानेवारी १७५१ मध्ये शहर आणि देवळे पाहण्यास आत गेलेल्या मराठ्यांवर जयपूरकर तुटून पडले व हजारोंची कत्तल झाली. ते लोकही आपल्यासारखेच प्रेक्षक होते!

पुढे मारवाडात हेच घडले. रामसिंह व विजयसिंह यांच्या तंट्यात जयाप्पा शिंदे यांनी रामसिंहाचा पक्ष घेऊन नागोरला वेढा दिला. जुलै १७५५ मध्ये, बोलणी चालू असता, छावणीतच मारेकऱ्यांनी त्यांना ठार केले. नागोरजवळ ताऊसर येथे त्यांची छत्री आहे. १७८७ मध्ये तुंगा येथे महादजी शिंदे यांच्यासमोर जयपूरचा प्रतापसिंह उभा ठाकला. १७९९ मध्ये हवामहाल बांधणारा तो हाच. १७९० मध्ये पाटण व मेडता येथे महादजींच्या कवायती पलटणींनी राजपूत घोडदळ मोडले आणि अजमेर पुन्हा शिंद्यांकडे आले.

या पराक्रमाचा अभिमान अवश्य बाळगावा; पण त्याचा हिशेबही मांडावा. दोन भावांच्या तंट्यात पडून खंडणी मिळाली, विश्वास मात्र गेला. मोगल सत्ता खिळखिळी झाली असता मराठे व राजपूत एक झाले असते, तर परक्याला वाट मिळणे अवघड होते. प्रत्यक्षात १८१८ मध्ये पेशवाई बुडाली; त्याच वर्षी उदेपूर, जोधपूर व जयपूर यांनी इंग्रजांशी तह केले, आणि अजमेरही शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेले. दोघांच्या भांडणाचा निकाल तिसऱ्याने लावला.

म्हणून राजस्थानात जाल तेव्हा ईसरलाट चढून पाहा, आणि सवड काढून ताऊसरच्या छत्रीपाशीही क्षणभर उभे राहा.