मैदान बंद, मस्टर चालू

वागळे इस्टेट म्हटलं की खेळ काही आठवत नाही. आठवतात ते नंबरांचे रस्ते, कामगार हॉस्पिटल, शिफ्ट सुटतानाची गर्दी आणि अलीकडे आयटी पार्कच्या काचा. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसीची सुरुवात झाली, ती इथल्याच समारंभात. पण मला नेहमी वाटतं की आपल्याकडच्या खेळाडूंचा इतिहास समजून घ्यायचा तर स्टेडियमपेक्षा अशा वसाहतीतून सुरुवात करावी. कारण आपला खेळाडू जगला तो नोकरीवर. नाव मैदानावर, पगार मस्टरवर. साथ येते, मैदानं बंद होतात, तेव्हा हे फारच उघडं पडतं.

थोडं मागे जाऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी तो पुण्यात पसरला. पाळवणकर बाळू पुणं सोडून मुंबईला आले ते याच सुमाराच्या धामधुमीत. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात ते खेळपट्टी लाटायचे, जाळ्या बांधायचे आणि साहेबांना तासन् तास गोलंदाजी टाकायचे. पगार महिना चार रुपये. जात चर्मकार, त्यामुळे चहासुद्धा बाहेर, वेगळ्या भांड्यात. मुंबईत त्यांना आधार मिळाला तो आधी लष्कराच्या आणि मग रेल्वेच्या नोकरीचा. पुढे १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात ते होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. इतकं करूनही पोटाला नोकरीच होती. क्रिकेटने मान दिला (तोही मोजून-मापून), भाकरी दिली ती नोकरीने.

पुढे मुंबई-ठाण्यात ही पद्धतच होऊन गेली. निर्लॉन, मफतलाल, एसीसी, टाटा, स्टेट बँक, दर कंपनीची आपली टीम. सुनील गावसकर निर्लॉनमध्ये होते. १९५८-५९ पासून मुंबईने सलग पंधरा वेळा रणजी जिंकली, त्यामागे या कंपन्यांचे मस्टरही होते असं म्हटलं तर चूक नाही. कबड्डीतही तेच. महिंद्रा, भारत पेट्रोलियम, पोलीस, रेल्वे. शिवाय कामगार कल्याण मंडळाच्या कामगारांसाठीच्या स्पर्धा. दिवसा मशीनवर किंवा टेबलावर, संध्याकाळी मातीत. मोठं होण्याची हमी नाही, पण महिन्याच्या शेवटी पगार ठरलेला.

आता २०२० कडे येऊ. गंमत बघा, प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला १८९७ चा साथरोग कायदाच मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. राजकोटला रणजीच्या अंतिम सामन्याचा शेवटचा दिवस प्रेक्षकांविना झाला आणि मग सगळंच थांबलं. वागळे इस्टेट तर ठाण्यातल्या सर्वात त्रासलेल्या भागांपैकी एक. पालघरच्या शार्दूल ठाकूरने २३ मे ला बोईसरच्या मैदानावर सराव केला तर त्याचीही मोठी बातमी झाली! सराव हीच बातमी, असा तो काळ.

मात्र सगळ्यांची थांबलेली गाडी एकाच वेळी सुटली नाही. कल्याणचा तुषार देशपांडे त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला दुबईत आयपीएलमध्ये पहिल्यांदा उतरला आणि पहिला बळी मिळाला तो बेन स्टोक्सचा. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात होता. नोव्हेंबरमध्ये त्याने दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदात धावून राष्ट्रीय विक्रम केला. पगाराची चिंता नसली की धावायला पाय मोकळे राहतात, असं मी तरी म्हणेन.

आणि बाकीचे? १९३४-३५ पासून महायुद्धातही न थांबलेली रणजी २०२०-२१ मध्ये पहिल्यांदा रद्द झाली. तेव्हा रणजीपटूला करार नव्हता. दिवसाला ३५,००० रुपये, तेही खेळला तर. चार दिवसांचे आठ सामने धरले तर ११ लाख २० हजार. आदल्या मोसमात जे खेळले होते त्यांना मंडळाने भरपाई म्हणून निम्मं मानधन जाहीर केलं, पण ते सप्टेंबर २०२१ मध्ये. तोवर घरभाडं थांबत नाही. प्रो कबड्डीचा सातवा मोसम ऑक्टोबर २०१९ ला संपला, आठवा सुरू झाला २२ डिसेंबर २०२१ ला. सव्वीस महिने! चढाईपटूच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे काय, ते खेळलेल्याला विचारा. गावोगावच्या स्पर्धा बंद झाल्यावर ज्याच्या हातात कुठल्या कंपनीचं ओळखपत्र होतं तो तरला. ज्याच्या हातात नव्हतं त्याने मिळेल ते काम धरलं.

म्हणून मला चिंता वाटते ती पुढच्या साथीची. लीगमुळे पैसा आला, नाव आलं, हे चांगलंच झालं. कंपन्यांच्या टीमचे दिवस परत यावेत असं रडगाणं मी गाणार नाही. त्या नोकऱ्यांतही वशिला होता, आणि बाळूंचा चहा बाहेरच ठेवणारी माणसं सगळीकडे होती. पण बाळूंना जे सव्वाशे वर्षांपूर्वी मिळालं, म्हणजे मैदान बंद पडलं तरी चालू राहणारा एक छोटासा पगार, ते आजच्या एकविशीतल्या चढाईपटूला कोण देणार? इस्टेटीतले बरेच कारखाने गेले, त्यांच्याबरोबर मस्टरही गेले. काचेच्या इमारतीत खेळाडू म्हणून कुणाला घेत असतील तर मला आनंदच आहे.

तुमच्या घरात, नात्यात कुणी असा कंपनीच्या टीमकडून खेळलेला असेल तर त्याला एकदा विचारा: पहिला पगार कशाचा, खेळाचा की नोकरीचा? उत्तर लिहून ठेवा. आपल्या खेळाचा इतिहास असाच कुणाकुणाच्या पगाराच्या पाकिटात राहिलाय.