गोळीचे बळ

पिस्तुलाची गोळी लागली की माणूस जागच्या जागी कोसळतो, असे मुक्ताईनगरात काय किंवा मुंबईत काय, आपण सारेच धरून चालतो. ही समजूत आपण इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहू.

२२ जून १८९७ च्या रात्री पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकरांनी रँडवर, तर बाळकृष्णांनी आयर्स्टवर गोळी झाडली. आयर्स्टच्या डोक्यात गोळी शिरली. तो तत्काळ गेला. रँडच्या पाठीत लागली. तो ३ जुलैपर्यंत जगला.

पुढे फिलिपिन्समध्ये अमेरिकन सैनिकांना ०.३८ इंची रिव्हॉल्व्हर अपुरे वाटले. १९०४ साली गुरांवर व प्रेतांवर प्रयोग झाले आणि १९११ साली ०.४५ इंची पिस्तूल सैन्यात आले. मोठ्या गोळीने जखम मोठी होते, हे खरे. परंतु मेंदू व मज्जारज्जू वाचला, तर रक्त वाहून शक्ती सरेपर्यंत घायाळ मनुष्य झुंजू शकतो.

तेव्हा आत्मरक्षणासाठी शस्त्र बाळगणाऱ्याने काडतुसाच्या आकड्यावर विसंबू नये. गोळी कोठे लागते, यावर सारे अवलंबून. कायद्याने दिलेला स्वसंरक्षणाचा हक्कही गरजेपुरताच आहे. आणि सुटलेली गोळी माघारी बोलावता येत नाही, हे आपण विसरू नये.