तुणतुण्याची तार ते बेसची तार : मोठ्या आवाजात खर्ज हरवतो कुठे?

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि वाचायचा कंटाळा आला तर इअरफोन लावा!)

आजचा विषय जरा वेगळा आहे. तारांचा इतिहास. विजेच्या नाही, वाद्याच्या.

मी मूळचा सास्तूरचा. धाराशिव जिल्हा, लोहारा तालुका. बाहेरच्यांना आमचा भाग माहीत असतो तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेमुळे. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि चार वाजायच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं, दगडमातीच्या जाड भिंतींची घरं, सगळं खाली आलं. लातूर-उस्मानाबाद पट्ट्यात साडेनऊ हजारांहून जास्त माणसं गेली. माझा जन्म त्यानंतरचा, पण घरात कुठलीही गोष्ट 'भूकंपाच्या आधी' किंवा 'भूकंपानंतर' अशीच सांगितली जाते.

आमचं घर गोंधळ्याचं. आबा, म्हणजे माझे आजोबा, तुणतुणं वाजवायचे. ढिगाऱ्यातून जे थोडंफार हाती लागलं त्यात ते तुणतुणंही होतं. तार तुटलेली, कातडं फाटलेलं, खोड मात्र शाबूत. आबांनी ते परत मढवलं, नवी तार लावली.

आता मी पुण्यात आलो, कॉलेजात बेस गिटार हातात घेतली आणि एका रॉक बँडमध्ये घुसलो. दोन गिटार, ड्रम्स, गायक आणि मी. सगळं जोरात. स्पर्धेला तीन आठवडे उरले असताना ड्रमर म्हणाला, "भावा, तुझा बेस ऐकूच येत नाही. तू आहेस की नाहीस, काही फरक पडत नाय." त्याआधी सुट्टीत गावी बेस नेली होती तेव्हा आबासुद्धा म्हणाले होते, "लेकरा, एवढी जाड तार, अन् आवाज कुठंय रं?"

दोघांचं म्हणणं एकच होतं. गिटार दुसऱ्याकडून घेतलेली, तारा किती जुन्या ते देवाला ठाऊक. नवा सेट घ्यायचा तर दोन हजारांच्या पुढे, म्हणजे जवळपास महिन्याची मेस. चुकीचा घेतला तर उपाशी आणि बँडबाहेरही. दुकानात गेलो तर पहिलाच प्रश्न : "फ्लॅट की राउंड?" मला उत्तर येईना. मग शोधायला बसलो, आणि शोधता शोधता पार सतराव्या शतकात पोचलो.

१६३६ साली मेर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने तारेचे नियम मांडले. तार किती लांब, किती ताणलेली आणि किती जड, यावर स्वर ठरतो. लांबी आणि ताण तोच ठेवून स्वर एक सप्तक खाली न्यायचा असेल तर तार चौपट जड लागते. तेव्हा युरोपात तारा मेंढीच्या आतड्याच्या असायच्या. खर्जासाठी आतडं जाड करत गेलं की तार दोरखंडासारखी ताठ होते आणि आवाज बसका येतो. त्याच शतकाच्या उत्तरार्धात उपाय निघाला : आतली तार बारीक ठेवायची आणि तिच्यावर धातूची तार गुंडाळायची. वजन वाढतं, लवचिकपणा टिकतो. आजची बेसची तार याच तत्त्वावर आहे.

आपल्याकडे हे कोडं वेगळ्या तऱ्हेने सुटलं. मिरजेचा तानपुरा बघा. वरच्या तारा पोलादी, पण खर्जाची तार पितळी, कारण पितळ जास्त जड. आणि घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढतात, म्हणजे एका स्वरातून वरचे बारीक स्वर झणझणत बाहेर येतात. ही जवारी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता थेट १९५१. अमेरिकेत स्विंग आणि नाचाच्या बँडमध्ये उभा मोठा डबल बेस असायचा. ड्रम्स आणि ब्रासच्या गोंगाटात तो बुडायचा, शिवाय गाडीत मावायचा नाही. लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला. पडदे असल्यामुळे बोट अचूक पडतं, म्हणून 'प्रिसिजन'. तारेची लांबी ३४ इंच. आवाज पकडायला चुंबकाचा पिकअप, म्हणजे आतड्याची तार बाद, पोलाद पाहिजेच. पण लोकांच्या कानात डबल बेसचाच आवाज बसलेला, म्हणून तारा 'फ्लॅटवाउंड' : वरची गुंडाळी चपट्या पट्टीची. हाताला गुळगुळीत, आवाज गोल, 'धुम्म' असा. मोटाउनच्या जेम्स जेमर्सनने याच तारांवर सगळ्या जगाला नाचवलं, आणि तो तारा क्वचितच बदलायचा.

मग आली इंग्लंडची 'द हू'. बेसवर जॉन एन्टविसल, शेजारी पीट टाउनशेंडची गिटार आणि कीथ मूनचे ड्रम्स. त्या धुमाळीत 'धुम्म' कुणाला ऐकू येणार? 'माय जनरेशन' या १९६५ च्या गाण्यात त्याला बेसचा सोलो होता. तो पुढे सांगायचा की डॅनइलेक्ट्रो बेसच्या बारीक, टणत्कारी तारा त्याला हव्या होत्या, पण त्या तुटायच्या आणि सुट्या मिळायच्या नाहीत, म्हणून नवी बेसच विकत घ्यावी लागायची! १९६६ मध्ये तो रोटोसाउंडच्या जेम्स हाऊकडे गेला आणि दोघांनी मिळून 'राउंडवाउंड' तारांचा सेट बसवला. गुंडाळी गोल तारेची, त्यामुळे पृष्ठभाग खरबरीत आणि आवाज पियानोसारखा लख्ख. रॉकमधला बेस तिथून पुढे आला.

पण राउंडवाउंड ऐकू का येते? इथे तुमच्या हातातला फोन काढा. बेसची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. फोनचा चिमुकला स्पीकर एवढा खाली जातच नाही. तरी गाण्यातला बेस तुम्हाला कळतो, कारण मूळ स्वरावरचे बारीक स्वर ऐकून मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. मोठ्या बँडमध्येही तेच होतं. तळाशी किक ड्रमचा मारा, त्यावर डिस्टॉर्शनच्या गिटारींची भिंत. बेसची ओळख पटते ती त्या वरच्या झणझणाटावरून. म्हणजे जवारीच की!

मग फ्लॅट तारा रॉकला चालतच नाहीत का? चालतात. आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस फ्लॅटवाउंडच वाजवतो. पण तो तारा वारंवार बदलतो आणि बोटांनी इतक्या जोरात छेडतो की तार पडद्यावर आपटून खडखडते. झणझणाट त्याच्या बोटांतून येतो. माझी बोटं अजून तशी नाहीत.

आपल्याकडे तारा मिळवणं हीच वर्षानुवर्षं मोठी गोष्ट होती. आर. डी. बर्मनच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. १९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' उभी राहिली, १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झालं. रॉक मशीनने नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं ते १९९३ साली. आमच्याकडे लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले तेच वर्ष. एकाच राज्यात केवढं अंतर असतं बघा.

बरं, शेवटी मी काय घेतलं? राउंडवाउंड, निकेल चढवलेलं पोलाद, ४५ ते १०५. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात, म्हणजे सर्वांत जाड तार अडीच मिलिमीटरहून थोडी जास्त. नुसतं स्टेनलेस स्टील आणखी लख्ख वाजतं, पण बोटं आणि पडदे दोन्ही झिजवतं. तुमचा बँड स्वर खाली उतरवून वाजवत असेल तर याहून जाड सेट घ्या, नाहीतर तार लोंबते. आणि वाजवून झालं की फडक्याने पुसा. राउंडच्या खाचांत घाम-मळ बसला की तार मरते. माझ्या जुन्या तारा अशाच मेल्या होत्या.

अजून एक, फार महत्त्वाचं. 'द हू'ने ३१ मे १९७६ ला लंडनच्या चार्लटन मैदानावर १२६ डेसिबलचा विक्रम केला होता. त्याच एन्टविसलला पुढे नीट ऐकू येईनासं झालं. तेव्हा ऐकू येण्यासाठी आवाज वाढवत बसू नका, तार बदला. आणि सरावाला कानात इअरप्लग घाला. दोन्ही मी आता करतो.

स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. पण ड्रमर उतरताना म्हणाला, "आज होतास तू." मित्राने काढलेला व्हिडिओ मी घरी पाठवला. आबांनी तो फोनच्या स्पीकरवर, कानाशी धरून ऐकला. रात्री त्यांचा फोन आला : "मधी मधी तुझं तुणतुणं ऐकू आलं रं."

त्यांना बेस म्हणायचं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

तुमच्या घरातही एखादं जुनं वाद्य पडून असेल, तर त्याची तार कशाची आहे ते घरच्यांना विचारा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर राम राम!